२×२ फुटी ग्रो टेंट: लाइट आणि हवेचं काय करावं? (लातूर, बजेट ८ हजार)

गंजगोलाई: घरातल्या खोलीत २×२ फूट, साडेचार फूट उंच ग्रो टेंट (लाइटखाली रोपं वाढवायचा बंद तंबू) लावायचा विचार आहे. लेट्यूस, बेसिल आणि मिरचीची रोपं करायची आहेत. टेंट, लाइट, पंखा, टायमर सगळं धरून ८ हजार, त्याच्या वर जमणार नाही. एप्रिल-मेमध्येही चालवायचंय. खोलीला एकच खिडकी आहे. लाइट किती वॅटचा आणि पंखा केवढा घ्यावा?

गोदाकाठ_नांदेड: लाइटमध्ये काटकसर करू नका. डिमरवाला १०० वॅटचा क्वांटम बोर्ड (सपाट पाटीवर बरेच एलईडी बसवलेला लाइट) घ्या, त्यात ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी पाहिजेतच. माझ्याकडं तोच आहे, मिरची फळावर आली तरी कमी पडत नाही. ८ हजारांत बसवायला गेलात तर दोनदा खर्च होईल.

बिंदुसरा: जांभळा लाइट कामून नको? निम्म्या किमतीत येतो आणि रोपं वाढतात.

रोपवाटिका_परभणी: वाढतात, पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय का, मावा आलाय का, हे दिसतच नाही. पांढराच घ्या. खोक्यावरच्या '१००० वॅट'वर जाऊ नका, प्रत्यक्ष किती वॅट ओढतो ते विचारा.

लेट्यूसला चौरस मीटरमागे सेकंदाला २०० ते २५० मायक्रोमोल (रोपांना लागणारा उजेड मोजायचं एकक) उजेड १६ तास पुरतो. २×२ म्हणजे ०.३७ चौरस मीटर, त्याला खरे ६५ वॅट ओढणारा चांगला बोर्ड भरपूर झाला. १०० वॅट फळं धरायची असतील तरच. कोथिंबीर लावणार असाल तर १२ तासांवर ठेवा, दिवस लांबला की लवकर फुलावर येते.

गोदाकाठ_नांदेड: ६५ वर आज भागेल, उद्या टोमॅटो लावावासा वाटला तर? १००च घ्या.

किल्लारीकर: लाइटचं नंतर बघा, आधी हवा. टेंटचं घनफळ १८ घनफूट. मिनिटाला एकदा हवा बदलायची तर ४ इंची इनलाइन पंखा (पाइपच्या मार्गात बसणारा) कमी वेगावरही पुरतो. तो वरच्या भोकाला, बाहेर फेकणारा. खालच्या जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा. टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या तर बरोबर चाललंय. फारच आत गेल्या तर खालून हवा यायला जागा कमी आहे. डक्ट, म्हणजे हवा नेणारा पाइप, ताणून सरळ न्या. घड्या आणि वळणं राहिली की पंख्याचा जोर तिथंच जातो. बाथरूमचा साधा एक्झॉस्ट लावू नका, डक्टपुढं तो दम धरत नाही. आणि डक्टचं तोंड खिडकीबाहेर काढा. खोलीतच सोडलं तर तीच गरम हवा खालून परत आत येते.

बिंदुसरा: डक्ट खिडकीबाहेर काढा, हे मीही सांगणारच होतो.

गोदाकाठ_नांदेड: मे महिन्यात पंख्यानं काय होणार? खोलीत कूलर लावा.

रोपवाटिका_परभणी: पंखा टेंटला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, हे आधी धरून चला. ६५ वॅटची उष्णता तासाला ६० घनमीटर हवेनं बाहेर काढली तरी टेंट खोलीपेक्षा ३ अंश गरम राहतो. ड्रायव्हर (लाइटला वीज पुरवणारा डबा) टेंटबाहेर टांगला तर थोडं कमी. खोली ३८ वर असेल तर टेंट ४१ वर, आणि लेट्यूस २७-२८ च्या पुढं गेलं की कडू होऊन तुऱ्यावर येतं.

म्हणून लाइट संध्याकाळी ६ ते सकाळी १०. कूलर चालेल, पण खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत दमटपणा चढला की पानातून पाणी उडत नाही, आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि त्यांच्या कडा करपतात. आत छोटा क्लिप फॅन फिरता ठेवा.

वेरूळवाट: भारनियमनाचं कुणी बोललं नाही. खटक्यांचा गोल टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास गेले की लाइट दोन तास उशिरा लागतो, आठवड्यात रात्रीचा दिवस होतो. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. वीज गेल्यावर लाइट जाऊ द्या, पण पंखा इन्व्हर्टरवर हवा.

किल्लारीकर: आणि वायरी प्लगला जाण्याआधी खाली लोंबत्या ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावाच.

गोदाकाठ_नांदेड: मग १०० वॅटचा बोर्ड ठरला ना?

गंजगोलाई: सगळ्यांचे आभार. हिशेब केला, टेंटच घेत नाही. टेंट घेतला की उष्णता कोंडते, ती काढायला पंखा, डक्ट, मग कूलर. घरी लोखंडी रॅक आहे. त्याला २ फुटी, १० वॅटच्या, ६५०० केल्विनच्या (थंड पांढऱ्या उजेडाच्या) सहा एलईडी पट्ट्या लावतो, तीन बाजूंना पांढरा सनबोर्ड, पुढची बाजू उघडी. घरातला टेबल फॅन आणि बॅटरीचा टायमर. एप्रिल-मेमध्ये बेसिल आणि मिरची, लेट्यूस पावसाळ्यानंतर.

गोदाकाठ_नांदेड: साध्या पट्ट्यांवर मिरची लांबुडकी होणार, लिहून ठेवा.

रोपवाटिका_परभणी: जमेल, पण सहा कमी पडतील, आठ लावा, ७-७ सेंटिमीटरवर. पानांपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर टांगा आणि रोप वाढेल तसं वर घ्या. मोबाइलच्या लक्स (उजेडाचं एकक) मोजणाऱ्या ॲपनं मधे आणि चारही कोपऱ्यांत मोजा. पांढऱ्या एलईडीला लक्सला ७० नं भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो. १४ हजारांच्या वर असेल तर लेट्यूसलाही चालेल, कोपऱ्यात १० हजारांच्या खाली गेलं तर तिथं बेसिल ठेवू नका.