बूस्टर उतरवणं अवघड की तोच पुन्हा उडवणं?

कुपवाडकर
सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात पंप, कास्टिंग, मशीनिंगमधली बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून विषय इथेच मांडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या पुढच्या पिढीच्या रॉकेटला ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. पहिला टप्पा, म्हणजे बूस्टर, परत आणून वापरायचा, असं ठरलंय. माझं मत विरोधात आहे. उतरवण्याचं कोडं डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटने सोडवलं. खर्च आहे तो उतरलेला बूस्टर पुन्हा उडण्यालायक करण्यात, आणि तो वसूल व्हायला उड्डाणं भरपूर लागतात. २०२४ मध्ये फाल्कनची १३० च्या वर झाली, आपली ५. आधी साधं रॉकेट स्वस्त करा, परतीचं नंतर बघू.

मिरज_टर्बो
कोडं सुटलं ते त्यांचं, दादा. आकडे बघा. फाल्कनच्या मर्लिन इंजिनाचा जोर साधारण ८६ टन. ते ४० टक्क्यांपर्यंत कमी करता येतं, म्हणजे ३४ टन. रिकामा बूस्टर २५ टनांच्या आसपास. ९ पैकी एकच इंजिन, तेही सगळ्यात मंद ठेवलं, तरी जोर वजनापेक्षा जास्त. त्यामुळे बूस्टर हवेत थांबूच शकत नाही. वेग शून्य व्हायचा तो जमिनीलाच. आधी झाला तर बूस्टर परत वर चढू लागतो. सेकंदाला २०० मीटर वेगाने येताना इंजिन अर्धा सेकंद उशिरा पेटलं, तर १०० मीटर उंची गेली.

आणि चुका कुठून येतात? जानेवारी २०१५ मध्ये दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक तेल संपलं. एप्रिलमध्ये इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी थ्रॉटल व्हॉल्व्ह अडकत चालली. जानेवारी २०१६ मध्ये बूस्टर अलगद टेकला, पण एका पायाचं लॉक बसलं नाही आणि तो आडवा झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तीन बूस्टरच्या फाल्कन हेवीच्या मधल्या बूस्टरचं इंजिन पेटवायचं रसायन संपलं, तो ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने समुद्रात गेला. गणित दरवेळी बरोबर होतं. दगा दिला तो व्हॉल्व्हने, लॉकने, तेलाने. यात हात बसायला वर्षं लागतात, म्हणून सुरुवात आत्ताच हवी.

कुपवाडकर
हे मान्य, पण वापरलेल्या भागांच्या चुका यात मोजल्याच नाहीत. मार्च २०२० मध्ये पाचव्या उड्डाणावरच्या बूस्टरचं एक इंजिन चढतानाच बंद पडलं. सफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सेन्सरच्या एका बंद नळीत राहिलं होतं, ते पेटलं. उपग्रह पोचले, बूस्टर गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये इंजिनाभोवतीचं उष्णतारोधक आवरण फाटून गरम वायू आत शिरला. ते आवरण त्या ताफ्यात सगळ्यात जास्त उडालेलं होतं. टर्बाइनच्या चाकाला तडे जायचे, म्हणून डिझाइनच बदलावं लागलं.

आपल्या शॉपमध्ये कास्टिंगला डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून तडा दिसला की पीस बाद, विषय संपला. इथे तडा ०.५ मिलिमीटरचा आहे, पुढच्या उड्डाणात किती वाढेल, हे सांगावं लागतं. त्यासाठी प्रत्येक भागाचा हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला), किती वेळा तापला, किती सेकंद चालला, याची नोंद हवी. केरोसीनची काजळी कूलिंगच्या बारीक वाटांत बसते ती वेगळीच. मिथेनने ती बरीच कमी होते, नव्या रॉकेटमध्ये तो घेतलाय ते चांगलं केलं.

कराडकर
"आधी साधं, मग परतीचं" हे जमणार नाही, मूळ अडचण तिथेच आहे. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा घन इंधनाचा, तो एकदा पेटला की बंद करून पुन्हा पेटवता येत नाही. इस्रोच्याच एलव्हीएम-३ रॉकेटचा द्रव इंधनाचा टप्पा घ्या. 'विकास' नावाची दोन इंजिनं, प्रत्येकी ८० टनांच्या आसपास जोर. रिकाम्या टप्प्याच्या वजनापेक्षा एका इंजिनाचा जोर कित्येक पट. शिवाय तो टप्पा सुटतो तेव्हा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असतो. फाल्कनचा बूस्टर साधारण त्याच्या निम्म्या वेगाने सुटतो. वेग दुप्पट म्हणजे जिरवायची ऊर्जा चौपट. चित्रदुर्गजवळ २०२३-२४ मध्ये इस्रोचं पुष्पक तीनदा धावपट्टीवर उतरलं, छानच. पण ते पंखांचं यान, हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटरवरून सोडलेलं. उभ्या बूस्टरचा प्रश्न वेगळा.

कुपवाडकर
फाल्कन ९ सुद्धा २०१० मध्ये पायांवर उतरायच्या सोयीशिवायच उडालं ना? उपग्रह सोडून पैसे मिळाले आणि उरलेल्या बूस्टरवर चाचण्या झाल्या. मी तेच म्हणतोय.

कराडकर
हो, पण ९ लहान इंजिनं पहिल्या दिवसापासून होती. म्हणूनच पुढे एकावर उतरता आलं. दोन मोठ्या इंजिनांनी सुरुवात केली असती तर दहा चाचण्या करूनही हाती काही लागलं नसतं. साधं उडवा, हरकत नाही. पण इंजिनांची संख्या, थ्रॉटलची खालची मर्यादा, पुन्हा पेटवायची सोय आणि टप्पा सुटायचा वेग, हे चार आकडे आज परतीच्या हिशेबानेच ठरवा.

मिरज_टर्बो
कराडकरांशी सहमत. किंमतही मोजा मात्र: भूस्थिर कक्षेच्या वाटेवर फाल्कन ९ टाकून दिलं तर ८.३ टन नेतं, परत आणायचं तर ५.५. परतीचं इंधन, पाय, पंख सगळं त्यातच.

विटा_फाउंड्री
आमचा प्रश्न धंद्याचा आहे. एका बूस्टरला ९ इंजिनं धरली तर ५ उड्डाणांना ४५ लागतात. तोच बूस्टर दहादा उडाला तर पहिल्या टप्प्याची ऑर्डर जवळपास संपली. डाय, फिक्स्चर, तपासणीचा खर्च मग कमी पीसवर पडणार आणि दर चढणार. लहान व्हेंडर यात टिकणार कसा?

मिरज_टर्बो
इंजिनाच्या कास्टिंगची ऑर्डर घटेल, हे खरंय. पण वरचा टप्पा दरवेळी नवाच लागणार. सील, व्हॉल्व्ह, बेअरिंग बदलत राहणार. पायांत धक्का खाणारा ॲल्युमिनियमचा मधपोळ्यासारखा गाभा असतो, तो जोरात टेकल्यावर चेपतो आणि नवा घालावा लागतो. माझ्या मते ज्यांच्याकडे अल्ट्रासॉनिक तपासणी आणि पीसवार नोंदी नीट आहेत, त्यांना काम राहील. बाकीच्यांना अवघड जाईल.