मदत हवी आहे: मंडळीतल्या (चर्चमधल्या) पुरुषांना सेवेत पुढे कसं आणावं?

जय ख्रिस्त. आमची मंडळी पुण्यात वडगाव शेरीत आहे. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, घर-प्रार्थना हे सगळं भगिनी मंडळ मनापासून सांभाळतं. पुरुष खुर्च्या मांडतात, दान गोळा करतात आणि मागे जाऊन बसतात. बरेच जण चाकण-रांजणगावला कारखान्यांत शिफ्टमध्ये आहेत, ठरावीक वार जमत नाही. पण खरी अडचण संकोचाची आहे. चारचौघांत शास्त्र उघडून बोलायची सवयच नाही. बायबलमधल्या 2 तीमथ्य 2:2 प्रमाणे (ऐकलेलं शिक्षण विश्वासू माणसांना सोपवावं, म्हणजे ते इतरांनाही शिकवतील) एका ज्येष्ठ बांधवासोबत एक तरुण अशा जोड्या लावाव्यात, असं मनात आहे. कुणी केलंय का असं? सुरुवात भजनांपासून करावी की थेट वचन सांगायला द्यावं? भगिनींचं काम हिरावल्यासारखंही व्हायला नको. तुमच्याकडे हे कसं जमलं?