जुन्या प्रवासी विमानांच्या कागदी प्रतिकृती : आराखडा आणि वाटपासंबंधी सल्ला हवा आहे

कागदीपंख :
नमस्कार. इतरांनी आखलेल्या प्रतिकृती मी बरीच वर्षे जोडत आलो आहे आणि आता प्रथमच स्वतःचा आराखडा काढायला घेतला आहे. लॉकहीड कॉन्स्टेलेशन हे मला सर्वांत देखणे वाटणारे विमान, त्यामुळे १:१०० या प्रमाणात तेच निवडले. धडाचे एकामागोमाग एक असे शंकूछेद (टोक कापलेले शंकू) धरून प्रत्येक कड्याचा उलगडा, म्हणजे कागदावर सपाट पसरलेला आकार, इंकस्केप या रेखाटनाच्या संगणक प्रणालीत काढला. परंतु नाकाकडून पाचव्या कड्याशी आल्यावर कडी पोटाशी नीट जुळतात आणि पाठीवर मात्र जवळजवळ दोन मिलिमीटरची फट राहते. तीन वेळा नव्याने छापून, कापून पाहिले, तरी फट तिथेच आहे. चूक कोठे होत असावी? शिवाय प्रतिकृती पूर्ण झाल्यावर ती सर्वांना विनामूल्य द्यावी अशी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी फाइल कशी तयार करावी, हेही कृपया सांगावे.

रेघ_आणि_घडी :
चूक आपल्या कापण्यात नाही, गृहीतकात आहे. सरळ शंकूछेदाचा उलगडा सोपा असतो : मोठी त्रिज्या १६ मि.मी., लहान १२ मि.मी. आणि तिरकी लांबी २० मि.मी. असेल, तर ८० आणि ६० मि.मी. त्रिज्यांच्या दोन कंसांमधला ७२ अंशांचा तुकडा कापला की काम झाले. हे गणित दोन्ही वर्तुळांची केंद्रे जोडणारा अक्ष त्या वर्तुळांशी काटकोनात असेल तरच लागू पडते. कॉन्स्टेलेशनच्या धडाची मध्यरेषा सरळ नाही. ती नाकाकडे खाली झुकते आणि शेपटीकडे वर चढते, आणि त्या विमानाचे सारे सौंदर्य या वळणातच आहे. सरळ कडी वाकवून बसवायला गेलात की पाठीवर फट उघडणारच.

तेथे तिरपा शंकूछेद धरावा लागतो. दोन्ही वर्तुळांचे समान भाग पाडावेत, समोरासमोरचे बिंदू जोडून पृष्ठभागाचे त्रिकोण करावेत, प्रत्येक बाजूची खरी लांबी काढावी आणि ते त्रिकोण एकमेकांना लागून कागदावर मांडत जावे. कड्याची कड मग कंसासारखी न येता किंचित लाटेसारखी येते. ती पाहून घाबरू नये, ती बरोबर आहे. भाग मात्र २४ करावेत. १२ केलेत तर जीवा कंसापेक्षा लहान असल्यामुळे १६ मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १.१ मि.मी. कमी भरतो, २४ केलेत तर जेमतेम ०.३ मि.मी. कमी भरतो आणि तेवढे कागद सांभाळून घेतो. जोड नेहमी पोटाखाली ठेवावा.

मनापासून सांगते, पहिला आराखडा म्हणून मी डग्लस डीसी-३ सुचवीन. १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडालेल्या या विमानाचा पंखविस्तार २८.९६ मीटर असल्याने १:१०० प्रमाणात तो साधारण २९ सें.मी. येतो. धडाचा मधला भाग जवळजवळ सरळ नळीसारखा आहे आणि पंखाचा मधला भाग सपाट असून चढ फक्त बाहेरच्या भागांना आहे, त्यामुळे दोन्ही पंखांचा कोन सारखा ठेवणे सोपे जाते. डी हॅविलँड कॉमेट दिसायला याहून सोपे वाटते. पण त्याची इंजिने पंखाच्या मुळात दडलेली असल्यामुळे पंख आणि धड जिथे मिळतात तो भाग नवख्याची कसोटी पाहतो.

पुठ्ठा_चकती :
वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. फक्त एक भर घालतो. कड्यांच्या आत बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या चकत्या आपण आराखड्यातील त्रिज्येइतक्याच कापत असाल, तर त्या कडे ताणतात आणि जोड उघडतो. कागद पाव मिलिमीटर जाड असेल, तर चकतीची त्रिज्याही तेवढी कमी करावी. तसेच कागदाच्या तंतूंची दिशा धडाच्या लांबीला समांतर ठेवावी. आडव्या तंतूंचा कागद वळवताना बारीक बारीक कोन पडतात आणि चंदेरी रंगावर ते लगेच उठून दिसतात.

मापात_राहू :
वाटपाविषयी लिहितो, कारण उत्तम आराखडे याच टप्प्यावर वाया गेलेले पाहिले आहेत. रेषा सदिश स्वरूपात (ठिपक्यांचे चित्र न करता गणिती रेषा म्हणून) ठेवून पीडीएफ करावी, म्हणजे कोणी १:१४४ प्रमाणात छापली तरी कडा धूसर होणार नाहीत. ए-४ कागद २१० × २९७ मि.मी. असतो आणि काही देशांत वापरला जाणारा लेटर कागद सुमारे २१६ × २७९ मि.मी.; म्हणून सर्व भाग १९० × २६० मि.मी. एवढ्या चौकटीत बसवावेत. प्रत्येक पानावर १०० मि.मी. लांबीची एक रेघ द्यावी आणि ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून छापण्याची सूचना तिच्याशेजारीच लिहावी. एक पान जरी ९७ टक्क्यांवर छापले गेले, तरी त्यावरचे कडे शेजारच्या पानावरच्या कड्यात बसत नाही आणि प्रतिकृती जोडणारी व्यक्ती दोष आराखड्याला देते.

परवान्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमधला ‘श्रेय द्यावे, व्यापारी वापर करू नये’ हा प्रकार पुरेसा आहे. विमान कंपन्यांची बोधचिन्हे मात्र त्यांच्या मालकीची असू शकतात. त्यामुळे रंगसंगतीबरोबर एक कोरी, केवळ रेषांची आवृत्तीही द्यावी. ती राखाडी कागदावर छापली की उघड्या धातूचा भास फार छान होतो. आणि प्रकाशित करण्यापूर्वी, आपल्याला काहीही न विचारता केवळ सूचना वाचून जोडील अशा एका व्यक्तीकडून ती प्रतिकृती पूर्ण करून घ्यावी.

कागदीपंख :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री पाचवे कडे २४ भाग धरून त्रिकोणांनी उलगडले, चकतीही पाव मिलिमीटरने लहान केली. पाठीवरची फट बंद झाली आहे. बोट फिरवले तर जोड लागतो, डोळ्यांना दिसत नाही. तरीही कॉन्स्टेलेशन तूर्त बाजूला ठेवून डीसी-३ घेतो. त्याच्या नाकाचे टोक मात्र दोन्ही दिशांनी गोलाकार आहे. तिथे पाकळ्या कराव्यात की लहान लहान कडी?

रेघ_आणि_घडी :
कडी करावीत. या मापात पाकळ्यांची टोके एकाच बिंदूवर गोळा होतात आणि गोंद लागला की तिथे गाठ बनते. शेवटची १० मि.मी. लांबी चार कड्यांत विभागावी, अगदी टोकाला ओलसर कागदाची छोटी चकती पेनाच्या गोल टोकाने हलके दाबून खोलगट करून बसवावी, आणि चिकटवण्यापूर्वी प्रत्येक कड्याची कापलेली पांढरी कड राखाडी जलरंगाने रंगवून घ्यावी.