तोडेदार बंदूक: गंज काढून चकचकीत करावी का?

प्रश्न: वाड्यातली जुनी तोडेदार (जळत्या वातीने दारू पेटवायची) बंदूक आहे. नळीवर सोन्याची कोफ्तगिरी (तारेची नक्षी), मध्ये तांबडा गंज. दस्त्याला बारीक चीर, चाप अडकलेला. पॉलिश करून चालू करून घ्यावी का?

उत्तर १: आधी ती भरलेली नाही ना ते बघा. नळीत लाकडी काठी तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावा. खूण तोंडाशी ठेवून टोक कानापर्यंत (दारू पेटवायच्या नळीमागच्या छिद्रापर्यंत) पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. कोरडी दारू कितीही जुनी असली तरी पेटते. लोखंडी गजाने खरवडू नका, जाणकाराकडे द्या.

उत्तर २: पॉलिश अजिबात नको! कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक चरे पाडून सोन्याची तार ठोकून बसवतात. तार अतिशय पातळ, खाली गंज शिरला की उचलली जाते. पॉलिशने गंजाबरोबर सोनंही जातं. नक्षी सोडून मोकळ्या जागी हलकं तेल लावून दोन दिवस ठेवा, मग बांबूच्या चोयीने गंजाचे पोपडे उचला. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात ते मेण) पातळ हात. दस्त्याचा काळपट रंग तसाच राहू द्या, तेच तिचं वय.

उत्तर ३: चालू करायचा विचार सोडा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५ ची सूट दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या पुराण्या शस्त्रांना आहे. तुमची त्यात बसते का, हात लावण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या.