मदत हवी आहे: क्लस्टर डोकेदुखी आणि झोपेत उतरणारा ऑक्सिजन

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण कृपया शेवटपर्यंत वाचा, ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांचे अनुभव मला खरंच हवे आहेत.

नवरा, वय ४३, आम्ही नाशिकला असतो. गेली सहा वर्षं जानेवारी संपत आला की त्याचं डोकं सुरू होतं ते मार्चअखेरपर्यंत, मग वर्षभर काही म्हणजे काही नाही. झोप लागल्यावर साधारण दीड तासाने उठतो, घड्याळ लावल्यासारखं, डाव्या डोळ्याच्या मागे कोणीतरी तापलेली सळई घालतंय असं म्हणतो. डोळा लालभडक, पाणी वाहतंय, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी अर्धी खाली आलेली. अर्धशिशीवाला माणूस अंधार करून पडून राहतो ना, हा एका जागी बसूच शकत नाही, स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालतो, फ्रिजमधली पाण्याची बाटली डोळ्यावर दाबून. पाऊण ते एक तास चालतं आणि मग एकदम थांबतं, तेव्हा तो जमिनीवरच भिंतीला टेकून बसतो आणि मला म्हणतो तू झोप जा. कशी झोपणार.

पहिली चार वर्षं सायनस म्हणून गेली, एक चांगली दाढ काढून झाली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, एका ठिकाणी तर टेन्शन कमी घ्या म्हणून सांगितलं. गेल्या वर्षी न्यूरोलॉजिस्टनी पाच मिनिटं ऐकून क्लस्टर हे नाव सांगितलं, एमआरआय करून बाकी काही नाही ना ते बघितलं, ईसीजी काढून अटॅक टाळण्यासाठी व्हेरापामिल हे औषध सुरू केलं, आणि अटॅक आला की ऑक्सिजन घ्या असं लिहून दिलं. तो पूर्वी सिगरेट ओढायचा म्हणून त्याआधी फुफ्फुसाची तपासणीही करून घेतली, ती नॉर्मल आली.

आता माझा प्रश्न. ऑक्सिजनने हे दुखणं थांबतं म्हणजे ते ऑक्सिजन कमी पडल्यामुळेच होतं का? कोविडमधला ऑक्सिमीटर घरात होताच, मी अटॅक चालू असताना त्याच्या बोटाला लावला तर ९१. दुसऱ्या रात्री ९०. मी प्रचंड घाबरले. मग लक्षात आलं की त्याच हातात तो गार बाटली धरून फिरतोय, बोटं बर्फासारखी, वर हात हलतोय. दुसऱ्या हाताचं बोट चोळून गरम केलं, त्याला एक मिनिट बळंच बसवलं, तर ९७. म्हणजे अटॅकमध्ये तरी कमी नाहीये. डॉक्टरही हेच म्हणाले की बहुतेक पेशंटचा आकडा नॉर्मलच असतो, आणि तरी शुद्ध ऑक्सिजनने फरक पडतो, कारण तो कमतरता भरून काढत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आणि चेहऱ्याच्या नसांच्या यंत्रणेवर औषधासारखं काम करतो. वेळेचं जे गणित आहे ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या शरीराचं घड्याळ सांभाळणाऱ्या भागाशी जोडलेलं आहे म्हणे, म्हणून ठरावीक महिने आणि ठरावीक वेळ.

पण मग मी तो झोपलेला असताना तीन रात्री जागून लावला. तो भयंकर घोरतो, मधेच घोरणं बंद, छाती हलतेय पण हवा नाही, आकडा ९५ वरून ८७ वर येतो, मग एक मोठा आचका देऊन श्वास घेतो आणि परत ९५. यातल्या दोन रात्री त्यानंतर थोड्याच वेळात अटॅक आला, तिसऱ्या रात्री नाही आला. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत असा श्वास थांबण्याचा आजार) आणि क्लस्टर बरोबर असल्याचं बऱ्याच पेशंटमध्ये दिसलेलं आहे, पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ज्यांना दोन्ही आहे आणि सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावलं, त्यांचे अटॅक कमी झाले का? मला नेमकं हेच विचारायचंय.

दुसरं, मे महिन्यात सासूबाईंना केदारनाथला न्यायचं ठरलंय. ती जागा साडेतीन हजार मीटरवर, तिथे चांगल्या माणसाचाही आकडा नव्वदच्या आसपास येतो, आणि उंचीवर अटॅक सुरू झाल्याचं वाचलंय. डोकेदुखीचा सीझन संपलेला असताना कोणी अशा उंचीवर गेलंय का?

संपादन: खाली विचारलंय म्हणून ऑक्सिजनचं सविस्तर लिहिते. कोविडवेळचा ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) आणि नाकातल्या नळ्या वापरून आम्ही एक अख्खा आठवडा वाया घालवला, काहीही उपयोग झाला नाही. २००९ साली लंडनच्या डॉक्टरांचा अभ्यास आला त्यात मास्कने मिनिटाला १२ लिटर, १५ मिनिटं दिला होता, ७८ टक्के अटॅकमध्ये आराम पडला आणि नुसत्या हवेने २० टक्के. म्हणजे पिशवीवाला नॉन रिब्रीदर मास्क आणि सिलेंडरच पाहिजे, आणि सप्लायरला १५ लिटरपर्यंत जाणारा फ्लोमीटर मागून घ्यायचा. छोटा बी टाईप सिलेंडर साधारण दीड हजार लिटरचा, म्हणजे १२ लिटरने पंधरा मिनिटं धरली तर आठेक अटॅक. एक आवर्जून सांगते, आमचं देवघर हॉलमध्ये आहे आणि सप्लायरचा मुलगा सिलेंडर तिथेच टेकवून चालला होता, समई चालू. सिलेंडर दिवा, गॅस, उदबत्ती यांच्यापासून लांबच ठेवा, आणि डोक्याला लावलेल्या तेलाचे हात व्हॉल्व्हला लावू नका. हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करा, सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) असेल तर जास्तच.

काल रात्री १:५० ला उठला, मी मास्क लावला, तो पुढे वाकून खुर्चीत बसला, चौदाव्या मिनिटाला त्याने डोळा उघडून पाणी मागितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

स्लीप स्टडी गुरुवारी आहे, तारा लावून रात्रभर तिथेच झोपायचं. सीझन चालू असताना कोणी केली असेल तर सांगा, मध्येच अटॅक आला तर तारा काढून उठू देतात का, आणि आपला सिलेंडर सोबत न्यायला परवानगी मिळते का? हा झोपून राहूच शकणार नाही, मला त्याचीच काळजी आहे.