दगडावर १८३१ कोरलंय, मग माईचा पूल खरंच दोनशे वर्षांचा का?

वणाकाठचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. गाव हिंगणघाट तालुक्यातलं. गावाबाहेर नाल्यावर तीन गाळ्यांचा काळ्या दगडाचा जुना पूल आहे, सगळे त्याले माईचा पूल म्हणतात. कठड्यात एक अक्षरं कोरलेला दगड आहे पण त्यावर एवढा शेंदूर चढला की '...बाई', 'स्मरणार्थ', 'मिती चैत्र शुद्ध' अन् खाली १८३१ इतकंच लागते. येता-जाता बाया हात जोडतात, नारळ फोडतात, नव्या सुनेले तं माता माय म्हणूनच सांगतात. आबाजी मात्र म्हणत, देवी-बिवी काही नाही, मालगुजाराच्या (गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालकाच्या) घरची बाई होती, पुरात बंडीसकट गेली म्हणून लेकानं पूल बांधला. आता बाजूले नवा पूल मंजूर झाला अन् नावावरून ग्रामपंचायतीत जुंपली. एक पार्टी म्हणते दोनशे वर्षांचा वारसा असा बोर्ड लावा, दुसरीले पुढाऱ्याचं नाव पाहिजे. मले वाटते त्या बाईचंच नाव द्यावं, पण पूर्ण नाव तं सापडलं पाहिजे ना! थिनर लावून शेंदूर काढू का?

जुने_कागद
भाऊ, दोनशे वर्षांचा बोर्ड लावू नका, हसं होईल. 'मिती चैत्र शुद्ध' असं आहे म्हणजे ते शके असणार. शके १८३१ मध्ये ७८ मिळवा, १९०९ साल येते. संवत धरला तर १७७४ निघते, ते तर अजूनच अशक्य, आणि मारवाडी शेठजीचा दगड असता तर शुद्धच्या जागी 'सुदी' दिसलं असतं. इसवी १८३१ मध्ये नागपुरावर तिसरे रघुजी भोसले होते, ते १८५३ ला वारले आणि १८५४ ला इंग्रजांनी राज्य खालसा केलं. मालगुजारांना गावाची मालकी मिळाली ती त्यानंतर, १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला तेव्हा. म्हणजे आबाजींची गोष्ट आणि १८३१ इसवी, दोन्ही एकाच वेळी खरं होऊच शकत नाही. १९०९ मध्ये मात्र सगळं बरोबर बसते.

रिटायर_ओव्हरसियर
थिनर, ॲसिड, तारेचा ब्रश, काहीही लावू नका बाप्पा!! शेंदराबरोबर दगडाचा पापुद्रा निघाला की अक्षर कायमचं गेलं. सप्तशृंगीच्या देवीचा शेंदूर २०२२ मध्ये काढला तो तज्ज्ञांच्या देखरेखीत काढला, आपण घरी बसून करायचं काम नाही ते, आणि वरून गावातल्या बाया तुम्हाला सोडणार नाहीत ते वेगळंच. अंधार पडला की जा, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि दुसऱ्याला मोबाईलनं फोटो काढायला लावा. चारही बाजूंनी उजेड फिरवायचा, सावलीमुळे बुजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू कोळसा घासू नका.

आणि पुलाचंही पहा जरा. दगडी कमानीत लोखंड नसते, दगड एकमेकांना दाबून धरतात म्हणून ती उभी राहते. ती बिघडते पायाखालची माती पुरानं खरवडून नेली तर, नाहीतर सांध्यात पिंपळ-उंबर शिरले तर, आणि डांबराचे थरावर थर चढवून उगाच वजन वाढवलं तर. महाडचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला तेव्हा त्यावर एसटी होत्या. नवा पूल झाला की जुन्यावरून ट्रॅक्टर-ट्रक बंद करा, सांधे भरायचे तर चुन्यानंच भरा. सिमेंट दगडापेक्षा कडक होते, ओल आत कोंडते आणि मग दगडच फुटतो.

काळी_माती
मालगुजारानं बांधला म्हणजे काय स्वतः दगड उचलले का त्यानं 😄 १८९९-१९०० च्या दुष्काळात दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती, तसेच हात याही पुलाले लागले असतील. बाईचं नाव द्या, जरूर द्या, पण खाली 'बांधणारे गावकरी' असं एका ओळीत तरी लिहा. आमच्या वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारात सारा भरे, मालगुजार नव्हतेच, तरी तिथंही रपट्या-रपट्याले कोण्या न् कोण्या देशमुखाचं नाव चिकटलेलं राहते!

वणाकाठचा_पोट्टा
ओव्हरसियर काका, आज रात्रीच टॉर्च घेऊन जातो. काळी माती, तुमचा मुद्दा पटला, ग्रामसभेत मांडतो. पण नुसत्या दगडावर कोणी विश्वास ठेवणार नाही, कागद कुठं मिळेल?

जुने_कागद
जातीच्या दाखल्यासाठी लोकं जी बंदोबस्त मिसल (बंदोबस्ताच्या वेळची गावाची नोंदवही) काढतात ना, तीच काढा. भूमी अभिलेखमध्ये नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करा, १९०९ च्या आसपास गावाचा मालगुजार कोण ते त्यात दिसेल. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकही मागा, गावाच्या वहिवाटी आणि रस्ते त्यात लिहिलेले असतात. पूल घरच्या पैशाचा नसून डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निघाला तर ते दप्तर पुढं १९४८ नंतर जनपद सभेकडं आणि १९६२ पासून झेडपीकडं गेलं असणार, तिथं नाही मिळालं तर नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात विचारा. मिसल बहुतेक मोडीत नाहीतर जुन्या घसरट अक्षरात असते, वाचणारा सोबत न्या. फोटो इथं टाका, अक्षरं लावायला मीही पाहतो.

रिटायर_ओव्हरसियर
फोटोत मोबाईलचा फ्लॅश बंद ठेव रे, नाहीतर सगळं सपाट येईल.