हायड्रॉलिक लिफ्टर सेट केले, टकटक तशीच आणि वर इंजिन मिस मारतंय. मदत हवी आहे

इंजिन जुनं आहे, सहा सिलिंडरचं. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्यावर लिफ्टर (म्हणजे टॅपेट), वर पुशरॉड आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर. बरेच महिने टॅपेटचा आवाज होता. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-चार सेकंद टकटक होऊन थांबते, ती मला माहीत आहे. ही गरम झाल्यावरही थांबत नाही. ऑइल बदललं, लेव्हल बरोबर आहे.

शेवटी धीर करून उघडलं. लिफ्टर काढून रॉकेलमध्ये धुतले, परत बसवले. मग एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणला आणि पुशरॉड बोटांत फिरवत रॉकरचा नट आवळत गेलो. पुशरॉड अजिबात फिरेना, तिथून पुढे एक पूर्ण फेरा दिला. आता आयडलला इंजिन थरथरतं आणि टकटक आहे तिथेच. फीलर गेज घालून गॅप ठेवायला हवा होता का?

उत्तर १
नाही, फीलर गेज साध्या टॅपेटला. हायड्रॉलिकमध्ये गॅप ऑइलच भरून काढतं, म्हणून गॅप शून्य करून वर थोडा दाब द्यायचा.

घोळ 'फिरेना' या शब्दात आहे. पुशरॉड घट्ट होईपर्यंत लिफ्टरमधली स्प्रिंग दबायला लागलेली असते. त्यावर तुम्ही एक फेरा दिलात, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नसणार आणि कॉम्प्रेशन गळतंय. असंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतील.

नट सैल करा. पुशरॉड चिमटीत धरून वरखाली हलवा, बारीक खटखट लागेल. नट हळूहळू आवळत जा. खटखट जिथे संपली तिथे शून्य. तिथून अर्धा फेरा, बस्स. प्लग काढून ठेवा, क्रँक हाताने फिरवायला सोपं जातं. आणि त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडायला लागला की इनटेक सेट करा, इनटेक जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट. टॉपच्या खुणेवर विसंबण्यापेक्षा हे बरं, चुकून दुसऱ्याच (एक्झॉस्ट संपतानाच्या) टॉपवर सेट व्हायची भीती नाही.

प्रश्नकर्ता
आज सगळे बारा परत केले. थरथर गेली! आयडल अगदी शांत. पण टकटक आहेच. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं, चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट.

उत्तर २
तो रॉकर इतरांएवढा दाबतो का ते आधी पाहा. क्रँक हाताने फिरवत व्हॉल्व्ह किती खाली जातो ते मोजा, शेजारच्या एक्झॉस्टशी ताडून बघा. आणि एक विचारतो, रागावू नका: लिफ्टर धुतलेत तेव्हा कुठला कुठे होता ते लिहून ठेवलं होतं ना?

प्रश्नकर्ता
बाकीचे एक्झॉस्ट साधारण १० मिमी, हा जेमतेम ७. लिफ्टर एकाच डब्यात टाकले होते. 😐

उत्तर २
३ मिमीचा फरक नट फिरवून भरत नाही. कॅमचा लोब, म्हणजे लिफ्टरला उचलणारा उंचवटा, झिजलाय. तुमचा आवाज आधीपासूनचा, म्हणजे झीज जुनीच. पण सपाट तळाचे लिफ्टर ज्याच्या त्याच्या लोबवर घासून बसलेले असतात. त्यांची अदलाबदल झाली की चांगले लोबही जातात. त्यामुळे आता इंजिन फार चालवू नका. चौथ्याचा लिफ्टर काढा आणि दुसऱ्या लिफ्टरची सरळ बाजू त्याच्या तळावर आडवी धरा. चांगला तळ मधे किंचित फुगीर असतो. मधून उजेड दिसला तर तो खोलगट झालाय, म्हणजे शंका मिटली. रोलर लिफ्टर असतील तर मात्र ही परीक्षा लागू नाही, तसं असेल तर सांगा.

प्रश्नकर्ता
रोलर नाहीत. उजेड दिसतोय, चांगला फटभर. ऑइल फिल्टर कापून बघितला, घड्यांमध्ये चांदीसारखी चमक आहे. कॅम बाहेर काढतोय. नवीन कॅमबरोबर हेच लिफ्टर चालतील का?

उत्तर १
अजिबात नाही. नवीन कॅम तर बाराही लिफ्टर नवीन. कॅम काढल्यावर त्याची बेअरिंग बघून घ्या, ती चमक कुठून कुठे गेली असेल सांगता येत नाही. नवीन लोबना बसवताना कॅमची खास पेस्ट लावा, आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका. वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, लोबवर ऑइल उडायला हवं.